वेगवान गाडीला नवे टायर घेताना आधी पावसाचा विचार करा

गाडी अडीचशे अश्वशक्तीची असो की पाचशेची, तिचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त चार जागी, आणि प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी. इंजिनाची ताकद, मोठे ब्रेक, एबीएस, ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा), महागडं सस्पेन्शन, सगळं पोचतं ते या चार जागांमधूनच. तिथे पकड नसेल तर बाकीच्यांच्या हातात काही उरत नाही. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण रबरात जी पकड मुळातच नाही ती ते आणणार कुठून?

तरीही होतं असं की, गाडी घेताना महिनोन्‌महिने अभ्यास करणारा माणूस टायर बदलायच्या वेळी दुकानात जाऊन "या साइजमध्ये काय आहे?" एवढंच विचारतो आणि जे असेल ते बसवून निघतो. मला हे फार खटकतं. वेगवान गाडीचा स्वभाव बदलणारी दुसरी एवढी मोठी गोष्ट मालकाच्या हातात नसते.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात चालणाऱ्या वेगवान गाडीसाठी ओल्या रस्त्यावरची पकड हाच पहिला निकष धरावा. कोरड्या रस्त्यावर नावाजलेल्या कंपन्यांचा कुठलाही स्पोर्ट टायर आपल्याकडच्या कायदेशीर वेगांना पुरून उरतो. टायरा-टायरांतला खरा फरक उघडा पडतो तो जुलैमध्ये, ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या वळणावर पुढचा ट्रक अचानक थांबतो तेव्हा.

थोडा हिशेब करू. ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या दोन गाड्यांनी एकाच जागी ब्रेक दाबला. समजा, एकीचे टायर ०.९ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) इतक्या जोराने वेग कमी करू शकतात आणि दुसरीचे फक्त ०.६ जी. पहिली साधारण ४४ मीटरमध्ये थांबते, दुसरीला ६५ मीटरपेक्षा जास्त लागतात. पण जास्त बोलका आकडा पुढेच आहे. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी ५८ किलोमीटरने पुढे जात असते. म्हणजे एकीला काहीच झालं नाही आणि दुसरीच्या एअरबॅग उघडल्या. ब्रेक दोघींचे सारखेच, चालकही तितकेच सावध.

टायरच्या बाजूवर काय लिहिलेलं असतं

उदाहरणासाठी एकच माप घेऊ: २२५/४० झेडआर १८, ९२ वाय, एक्सएल. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयसारख्या गाड्यांवर हे माप कित्येक वर्षं दिसत आलंय.

२२५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. १८ हा रिमचा व्यास, इंचांत. आर म्हणजे रेडियल, आणि झेड हे ताशी २४० किलोमीटरच्या वर जाणाऱ्या टायरांचं जुनं चिन्ह.

९२ हा वजनाचा निर्देशांक. या आकड्याचा टायर ६३० किलो वजन पेलतो. एक्सएल म्हणजे जास्तीचं वजन पेलण्यासाठी आतून बळकट केलेला टायर. शेवटचं अक्षर वेगाचं: एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००.

इथे हमखास प्रश्न येतो: समृद्धीवरची मर्यादा १२०, मग ३०० चा टायर कशाला? टायर त्या वेगाला चालवायचा म्हणून नव्हे. वाय दर्जाच्या टायरची बांधणी उष्णता जास्त सोसते आणि भरवेगात त्याचा आकार कमी बिघडतो. गाडीचं स्टिअरिंग आणि सस्पेन्शन कंपनीने त्याच ताठरपणावर बेतलेलं असतं. वजनाचा आणि वेगाचा निर्देशांक कंपनीने सांगितलाय त्याच्या खाली कधीही उतरू नये. वर गेलं तर हरकत नाही.

पकड येते कुठून

रबर रस्त्याला धरतं ते दोन प्रकारे. एक म्हणजे ते पृष्ठभागाला अगदी जवळून चिकटतं आणि सुटतं. रस्ता ओला झाला की मध्ये पाण्याचा पापुद्रा येतो आणि ही पकड एकदम ओसरते. दुसरा प्रकार असा: रबर खडीच्या उंचसखल टोकांवर दाबलं जातं, त्यांच्याभोवती आकार घेतं आणि पूर्ववत व्हायला थोडा वेळ लावतं. या रेंगाळण्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते, आणि ती ऊर्जा गाडीच्या वेगातूनच वजा होते. पावसात मुख्य भिस्त या दुसऱ्या पकडीवर असते.

आता गोची बघा. अशी ऊर्जा घालवणारं रबर ब्रेक मारताना उत्तम. पण तेच रबर सरळ रस्त्यावर नुसतं फिरतानाही ऊर्जा घालवणार, इंधन जास्त पिणार, तापणार. आणि पकडीसाठी रबर मऊ केलं तर झिजणारही लवकर. ओली पकड, इंधन आणि आयुष्य, ही तिन्ही एकाच वेळी हवी असतात आणि एक ओढलं की दुसरं सुटतं.

यातून वाट निघाली ती एका सुरेख फरकामुळे. आपल्या मापाच्या टायरचा परीघ जवळजवळ २ मीटर आहे. १०० च्या वेगाला चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं, म्हणजे रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदाला १४ वेळा दबतो आणि सुटतो. ब्रेक मारताना मात्र तेच रबर खडीच्या बारीक टोकांवरून घसरत असतं आणि त्याला सेकंदाला हजारो हादरे बसतात. झपाट्याने बसणाऱ्या हादऱ्यांना रबर जसं वागतं तसंच ते थंड असताना वागतं. त्यामुळे प्रयोगशाळेत रबराचा नमुना शून्य अंशाच्या आसपास किती ऊर्जा घालवतो यावरून ओल्या पकडीचा अंदाज बांधतात, आणि ६० अंशांच्या आसपास किती घालवतो यावरून इंधनाचा. पहिला आकडा मोठा हवा, दुसरा लहान.

रबराला बळकटी देणाऱ्या नुसत्या कार्बन ब्लॅकवर, म्हणजे काजळीसारख्या पुडीवर, हे दोन्ही एकत्र साधत नव्हतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने मोटारीच्या टायरच्या रबरात सिलिका (वाळूत असतो तोच पदार्थ, बारीक पुडीच्या रूपात) वापरायला सुरुवात केली आणि सगळा खेळ बदलला. आजचा प्रत्येक चांगला स्पोर्ट टायर सिलिकाच्या जोरावरच पावसात उभा आहे.

हे एवढं लांबवून सांगायचं कारण म्हणजे नक्षी पाहून टायर निवडण्याची सवय. दुकानात लोक नक्षीवरून बोट फिरवून "याची ग्रिप भारी दिसते" म्हणतात. नक्षीतून पाणी जातं, पण पकड रबराच्या मिश्रणात असते आणि मिश्रण डोळ्यांना दिसत नाही. हुबेहूब सारख्या नक्षीचे दोन टायर ओल्या रस्त्यावर अगदी वेगळे वागू शकतात.

पाणी

१०० च्या वेगाला रबराचा तुकडा रस्त्याला टेकतो आणि उचलला जातो, तेवढ्यात सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम ४ भाग सरतात. तेवढ्या अवधीत खालचं पाणी बाजूला सारून रबराला खडीपर्यंत पोचायचं असतं. पाणी जायला खोल चर नसतील तर ते पुढच्या बाजूला साचतं, पाचरीसारखं आत घुसतं आणि टायर उचलला जातो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. त्या क्षणी गाडी कुणाच्याच ताब्यात नसते.

नासामध्ये १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर याचे प्रयोग झाले. त्यातून निघालेलं ढोबळ सूत्र सांगतं की टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३६ पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) तो ताशी साधारण १०० किलोमीटर येतो, २८ पीएसआयला ८८ च्या आसपास. मोटारीच्या टायरची रुंदी, नक्षीची खोली आणि साचलेलं पाणी यांनी हा आकडा बराच वरखाली होतो, पण दिशा पक्की आहे: हवा कमी असेल तर गाडी लवकर तरंगणार. पावसात ग्रिप वाढावी म्हणून हवा कमी करा, असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी तो सपशेल चुकीचा आहे.

नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीला किमान १.६ मिलिमीटर हवी, आणि चरांच्या तळाशी त्या उंचीचे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. बाजूच्या भिंतीवर बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं शोधा, तिथून सरळ आत पाहिलं की ते सापडतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्याने संपला. पावसाच्या दृष्टीने मात्र तो त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. रुंद टायरच्या वेगवान गाडीवर ३ मिलिमीटरच्या आसपास नक्षी उरली असेल आणि मे महिना चालू असेल, तर मी जून लागायच्या आत टायर बदलायला सांगेन. उरलेल्या दीड मिलिमीटरच्या पैशासाठी अख्खा पावसाळा पणाला लावू नये.

रुंद आणि मोठ्ठं करण्याचा मोह

"साहेब, २४५ टाका, लूक येतो." हे वाक्य टायरच्या कुठल्याही दुकानात ऐकू येतं.

रुंद टायरचा फायदा खरा आहे. रबरावरचा भार जसा वाढतो तशी त्याची पकड त्याच प्रमाणात वाढत नाही, थोडी मागे राहते. भार जास्त रबरावर पसरला की कोरड्या वळणात फायदा होतो, शिवाय टायर कमी तापतो. पण रुंद टायरला बाजूला सारायचं पाणीही जास्त असतं, त्यामुळे तो लवकर तरंगतो. तो जड असतो, इंधन खातो आणि रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमध्ये स्टिअरिंग ओढतो. प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीचा रिमच चालतो. २२५/४० आर १८ ला साडेसात ते नऊ इंच. त्याबाहेर गेलं की टायरच्या भिंती आत नाहीतर बाहेर कलतात आणि रस्त्याला टेकणारा भाग बिघडतो.

मोठ्या रिमचं गणितही करून बघावं. २०५/५५ आर १६, २२५/४५ आर १७ आणि २२५/४० आर १८ या तिन्ही मापांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा, ६३२ ते ६३७ मिलिमीटर. म्हणून एकाच गाडीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर ही तिन्ही दिसतात. बदलते ती भिंतीची उंची: ११३, १०१ आणि ९०. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये एवढंच अंतर. भिंत कमी असली की स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो हे मान्य, पण खड्ड्यात ती रिमला आपटून आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, आणि तो घेऊन एक्स्प्रेसवेवर जाणं म्हणजे जिवाशी खेळ. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीला कंपनीने मंजूर केलेल्या मापांपैकी सर्वांत लहान रिम घ्यावा असं मला मनापासून वाटतं. मात्र मोठे ब्रेक त्याच्या आत मावतात ना, ते आधी बघावं. कंपनीच्या यादीबाहेरचं माप बसवलं तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही प्रश्न उभे राहू शकतात.

आकडे कुठले बघायचे

ओल्या पकडीसाठी सगळ्यांत उपयोगी म्हणजे युरोपचं लेबल. त्यात ओल्या रस्त्यावर थांबण्याची श्रेणी ए ते ई अशी असते, ए सर्वांत चांगली. ८० च्या वेगावरून थांबताना एका श्रेणीचा फरक म्हणजे ढोबळमानाने ३ ते ६ मीटर. याच लेबलवर इंधनाची श्रेणी आणि आवाज डेसिबलमध्ये दिलेला असतो. टायर युरोपात विकला जात असेल तर त्याचं लेबल इंटरनेटवर मिळतं. पण ते नेमक्या त्याच मापाचं आहे ना याची खात्री करा, कारण एकाच नावाच्या टायरची श्रेणी मापागणिक बदलते. शिवाय आशियासाठी काही कंपन्या वेगळी मॉडेल्स काढतात, त्यांना हे लेबल नसतंच.

टायरवर छापलेला ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा अमेरिकेच्या पद्धतीचा. ठरावीक संदर्भ टायरला १०० धरून तुलना केलेली असते, म्हणजे ३०० वाला तिप्पट टिकेल असा त्याचा अर्थ. तो आकडा कंपनी स्वतःच देते. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला तो बरा, दोन कंपन्यांमध्ये त्यावर विसंबू नये. सोबतचं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, अक्षर एए असेल तर उत्तम, मात्र ते सरळ रेषेतल्या ओल्या ब्रेकिंगपुरतंच असतं, वळणाबद्दल काही सांगत नाही. आपल्याकडचे बीईईचे (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) तारे इंधनबचतीसाठी आहेत. पाच तारे दिसले म्हणून पावसातली पकडही पंचतारांकित असेल असं समजू नये.

जर्मनीची एडीएसी ही मोटारचालकांची संघटना दर वसंतात उन्हाळी टायरांच्या चाचण्या प्रसिद्ध करते. तिथले कोष्टक वाचताना एकूण क्रमांकाकडे न बघता ओल्या ब्रेकिंगचा आणि ओल्या वळणाचा रकाना वेगळा काढून बघा. एकूण क्रमांकात झीज, इंधन सगळं मिसळलेलं असतं आणि आपली गरज त्यात हरवते.

आपल्या बाजारात काय मिळतं

वेगवान गाड्यांना बसणारे टायर मोटामोटी तीन गटांत पडतात. पहिला आरामाकडे झुकलेला: मिशेलिन प्रायमसी, ब्रिजस्टोन टुरान्झा, योकोहामा ॲडव्हान डीबी यांसारखे. शांत, टिकाऊ, आणि यातले चांगले टायर पावसातही भरवशाचे. दुसरा खरा स्पोर्ट गट: मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस आणि ५, गुडइयर ईगल एफ १ असिमेट्रिक, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट, कॉन्टिनेंटल मॅक्सकॉन्टॅक्ट. याच गटात व्रेडेस्टाइन अल्ट्रॅक व्होर्टी हे नाव आता आपल्याकडे ऐकू येतं. व्रेडेस्टाइन मूळची नेदरलँड्सची कंपनी, २००९ मध्ये अपोलोने विकत घेतली. तिसरा गट ट्रॅकचा, पायलट स्पोर्ट कप २ सारखा. त्यात चर कमी आणि रबर उष्णता मागणारं असतं. सुकलेल्या ट्रॅकवर त्याला तोड नाही, पण कोकणातल्या पावसात रोजच्या गाडीवर तो नको.

पहिला की दुसरा, याचं उत्तर तुमच्या वापरात आहे. घाटात मनापासून गाडी चालवत असाल तर दुसरा गट घ्याच, पैसे वसूल होतात. गाडी बहुतेक वेळ शहरात रांगतच असेल, तर पहिल्या गटातला ओल्या पकडीत सरस असलेला टायर घेण्यात कमीपणा काहीच नाही. दुसऱ्या गटातला तीन वर्षं गोदामात पडून राहिलेला टायर घेण्यापेक्षा तो शतपटीने बरा.

हे गोदामाचं प्रकरण आपल्याकडे जास्त जाणवतं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरांची आयात परवान्याखाली आणली. देशात न बनणारी मापं त्यामुळे दुर्मीळ झाली, किमती चढल्या, आणि दुकानदार "हाच शेवटचा सेट आहे" म्हणून जुना माल पुढे करू लागले. म्हणून टायर रिमवर चढवू देण्याआधी तो जमिनीवर आडवा ठेवायला सांगा आणि डीओटी अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, तेव्हा टायर उलटा करून बघा, आणि चारही टायरांचे बघा. वर्षाच्या आतला असेल तर काही प्रश्न नाही. दोन वर्षांपुढचा असेल तर मी घेत नाही. त्याच वेळी आयएसआयचा शिक्का आहे का तेही पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर तो सक्तीचा आहे. शिक्का नसलेला टायर मागच्या दाराने आलेला असतो, आणि त्याच्या वॉरंटीला कोणी विचारत नाही.

खुणा, रनफ्लॅट आणि जोड्या

बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी, मर्सिडीजच्या टायरवर एमओ, ऑडीच्या टायरवर एओ, पोर्शच्या टायरवर एन आणि एक आकडा, अशा खुणा दिसतात. त्या कंपनीने आपल्या गाडीसाठी तो टायर बेतून घेतलेला असतो. नाव आणि नक्षी तीच, पण आतली बांधणी किंवा रबर वेगळं असू शकतं. पोर्शसारख्या गाडीवर मी ही खूण सोडणार नाही. बाकी गाड्यांवर खुणेचा जुना टायर आणि बिनखुणेचा ताजा टायर असा पेच आला, तर माप आणि निर्देशांक जुळवून ताजा घेईन. खूण कुठलीही असो, चारही टायरांवर एकच हवी.

रनफ्लॅट टायर हवा गेल्यावरही साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर नेतो. रात्री घाटात अडकू नये म्हणून त्याचं मोल आहे. पण त्याच्या भिंती ताठ आणि जड असतात, आणि आपल्या खड्ड्यांवर गाडी ठणाठणा आदळते. अनेक जण ते काढून साधे टायर घालतात. गाडी खरोखरच सुधारते. मात्र अशा गाडीत स्टेपनीला जागा नसते, तेव्हा हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान डिकीत कायम ठेवायची तयारी हवी.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरीही. पुढचे टायर पाण्यावर सुटले तर गाडी सरळ जाते आणि ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा सावरते. मागचे सुटले तर ती गरकन फिरते, आणि तिथे भले भले चालक हरतात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मात्र जुन्या-नव्या टायरांच्या व्यासातला फरक यंत्रणेवर ताण आणतो. किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत बघा, आणि शक्यतो चारही एकदमच बदला.

जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक वेगळी सूचना. वर सांगितलेले सगळे स्पोर्ट टायर उन्हाळी आहेत. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की त्यांचं रबर ताठरतं आणि बर्फावर ते निरुपयोगी ठरतात. जर्मनीत हिवाळी परिस्थितीत डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले टायर कायद्यानेच लागतात. तिथे दोन सेट ठेवणं हाच खरा मार्ग.

बसवताना आणि त्यानंतर

टायर असिमेट्रिक, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या बाजूची नक्षी वेगळी असलेला, असेल तर त्याच्या एका बाजूवर आउटसाइड असं लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेर यायला हवी. बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने. कारागीर घाईत असला की एखादं चाक उलटं चढतं, म्हणून गाडी जॅकवरून उतरण्याआधी चारही बाजूंनी चक्कर मारून बघा. व्हॉल्व्ह नवे घाला. बॅलन्सिंगसोबत अलाइनमेंट करून घ्या आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा. चाकांची दिशा थोडी जरी बिघडलेली असली तरी महागडा टायर काही हजार किलोमीटरमध्ये आतल्या कडेने गोटा होतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर नेमस्त चालवा, विशेषतः पाऊस असेल तर.

हवा दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणावरच्या पट्टीप्रमाणे भरा, टायर थंड असताना. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने चढतो. त्यामुळे भर दुपारी पंपावर थांबून, तापलेल्या टायरचा चढलेला आकडा बघून हवा सोडली, की दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी भरते. विदर्भातल्या मे महिन्यात समृद्धीच्या काँक्रीटवर तासन्‌तास १२० ने जाताना कमी हवेचा टायर सतत वाकत राहतो, आतून तापतो आणि थर सुटून फुटतो. परिवहन खात्याने या महामार्गाच्या प्रवेशावर टायर तपासायला सुरुवात केली ती फुटलेल्या टायरांच्या अपघातांमुळेच. लांबच्या प्रवासात गाडी भरलेली असेल तर पट्टीवरचा पूर्ण भाराचा रकाना वापरा. तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, आणि कित्येक गाड्यांत मागच्या चाकांचा दाब त्यात बराच जास्त दिलेला असतो. हवा भरून झाली की टीपीएमएस (टायरमधल्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा) नव्याने सेट करा. नाहीतर गाडी जुन्या आकड्यावरूनच इशारे देत राहील.